आधीवाला

कुणाच्याही घरात शिरला की तो पहिल्यांदा माणसांकडे बघत नसे. चपला काढता काढता त्याची नजर भिंतीवरून फिरायची, कपाटावरून उतरायची आणि फ्रिजवर जाऊन थांबायची. फ्रिज दिसला की तो मान हलवायचा, डॉक्टर छातीचा फोटो उजेडात धरून हलवतात तशी. मग खाली बसून पाणी मागायचा, आणि पाणी काचेच्या ग्लासातून आलं तर घरातल्या बाईला हळूच म्हणायचा, "वहिनी, स्टीलचा नाही का? पोचा आलेला असला तर फारच बरं."

टीव्हीवरच्या ‘पुन्हा उजाडलं’ या कार्यक्रमात तो अकरा वर्षं नोकरीला होता. एखाद्या गांजलेल्याच्या दारात अचानक मोठी गाडी थांबायची, गाडीतून हिरो उतरायचा, घरच्यांना मिठी मारून रडायचा, आणि तास संपेपर्यंत त्यांचं दुःख फिटलेलं असायचं. हिरो म्हणजे एके काळचा सिनेमातला नायक. साठी उलटली होती, तरी ऑफिसात त्याला सगळे हिरोच म्हणत. ती गाडी अचानक थांबायच्या महिनाभर अगोदर आपला हा माणूस त्या घरात चहा पिऊन आलेला असे. रंगवलेलं घर, नवं शिवणयंत्र, हसरी पोरं हे दाखवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना ऑफिसात ‘नंतर’वाले म्हणत. गळकं छप्पर, उसवलेली गादी, खोकणारा म्हातारा हे शोधायचं काम याच्याकडे, म्हणून हा आधीवाला. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथंच राहिलं. हिरोला तर ते अकरा वर्षांत एकदाही कळलं नाही.

कामात तो वाकबगार होता. खोटं आपण कधी काही उभं केलं नाही, याचा त्याला अभिमान होता. "खरं आहे तेवढंच ठेवतो," तो म्हणायचा, "बाकीचं शेजारी नेऊन ठेवतो." एका विधवेच्या घरातून त्यानं फ्रिज, पंखा, गॅसची शेगडी आणि तिचे दोन धडधाकट भाऊ, एवढं सगळं शेजारी नेऊन ठेवलं होतं. भाऊ कुरकुर करायला लागले तेव्हा म्हणाला, "तुम्ही असे दंड फुगवून मागं उभे राहिलात तर हिला हिरोची गरज काय? दोन दिवस मेल्यासारखे राहा की."

त्याच्याकडे एक छापील तक्ता असे. घराला किती गुण, आजाराला किती, रडण्याला किती. रडण्यातही त्याची पारख होती. डोळ्यांत पाणी येऊन तिथंच थांबतं ते उत्तम. गालावर येतं ते चालतं. नाकाला येतं तो नापास. "लोक जेवता जेवता बघतात," तो सांगायचा, "त्यांच्या ताटाचा विचार नको का करायला?"

आणि त्याचा एक नियम होता, जो त्यानं स्वतः केला होता आणि जो पुढं सगळ्या चॅनलांनी उचलला. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका म्हातारीचं पडकं घर त्यानं पास केलं होतं. शूटिंगच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या लोकांना लाज वाटली, आणि त्यांनी वर्गणी काढून म्हातारीला पत्रे घालून दिले. हिरो आला, मान वर करून बघितलं, नवेकोरे पत्रे. "मी रडू कशावर?" असं विचारून गाडीत जाऊन बसला. म्हातारीला कळेना काय चुकलं. ती पत्रे काढायला निघाली होती, लोकांनी धरून बसवली. तेव्हापासून आधीवाला प्रत्येक घरातून एका कागदावर सही घेऊ लागला. भाग चित्रित होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवण्यात येईल. औषध बदलायचं नाही, भोक बुजवायचं नाही, रुसून गेलेला मुलगा परत आला तर त्याला दारातूनच माघारी धाडायचं. ऑफिसातल्या भाषेत, ‘आधी’ मोडायचं नाही.

तर अशा या माणसाला त्या वर्षी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे कार्यक्रमाच्या मालकीणबाई. टेबलावर प्रेक्षकांचे आकडे पसरले होते आणि त्या आकड्यांवर एक अर्धी सफरचंदाची फोड पडली होती.

"तुझं दुःख शिळं झालंय रे," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे कसं, मॅडम?"

"छप्पर. परत छप्पर. मग पाय तुटलेला. मग परत छप्पर. समोरच्या चॅनलवर खऱ्या सासवा खऱ्या सुनांना टीव्हीवर मारतायत, आणि आपण इथं पत्रे बदलतोय."

"परवाची ती जुळी होती की."

"त्यातलं एक सारखं हसत होतं." मॅडमनी सफरचंदाची फोड उचलून खाल्ली. "मला डोळे आण. पट्टी सुटते, आंधळा डोळे उघडतो, आणि जगात पहिला चेहरा दिसतो तो हिरोचा. बघणाऱ्याला शिसारी नाही, हिरोला क्लोजअप, सगळ्यांचं भलं. महिनाअखेरपर्यंत आण, नाहीतर तुझ्या जागी मी एक पोरगी बघून ठेवलीय. भांडणं आणते ती."

चार दिवस तो डोळे शोधत फिरला. जे आंधळे होते ते जन्माचे, त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. ज्यांचं होण्यासारखं होतं ते मोतीबिंदूवाले, सत्तरीचे, आणि त्यांना हिरोपेक्षा त्याच्या जुन्या नायिकेत जास्त रस. सोमवारी दुपारी तो ऑफिसच्या जिन्यात बसून तक्ते चाळत होता, तेव्हा त्याच्या ताईचा फोन आला.

ही त्याची सख्खी मोठी बहीण. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. ताई तेव्हा पंधराची. शिंप्याकडची काजं-बटणं घरी आणून तिनं याला वाढवला, शिकवला, आणि त्याच शिंप्याच्या दुकानात बसणाऱ्या रफूवाल्याशी लग्न केलं. रफूवाले म्हणजे त्याचे दाजी. कोटाला सिगरेटनं पडलेलं भोक ते असं बुजवत की नंतर कोटाच्या मालकालाच ते सापडत नसे, आणि मग तो पैसे द्यायला कां कूं करी. लहानपणी कात्रीचं टोक लागून दाजींचा डावा डोळा गेलेला. सगळी रफू एका उजव्या डोळ्यावर चालायची.

"अरे, यांच्या डोळ्याचा पडदा सुटायला लागलाय म्हणे," ताई सांगत होती. "कालपासून खालून काळं काळं वर येतंय. सरकारी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीण म्हणाली, याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या, अजून मधली नजर शाबूत आहे. गुरुवारची तारीख दिलीय. तू येशील ना त्या दिवशी? मला कागदं वाचायला भीती वाटते."

"आलोच," तो म्हणाला, आणि खरंच अर्ध्या तासात तिच्या दारात उभा राहिला.

खोली त्याला पाठ होती, तरी त्या दिवशी त्यानं ती पहिल्यांदा पाहिली. एकच खिडकी, तिच्यातून तिरपा उजेड थेट दाजींच्या बैठकीवर. भिंतीवर रंगीत दोऱ्यांची रिळं. फ्रिज नव्हताच. दाजी डॉक्टरणीनं सांगितल्याप्रमाणे उशीला डोकं टेकून न हलता पडले होते.

"कोण, मेहुणे का?" दाजी म्हणाले. "या. तुमचे पाय दिसत नाहीत, बाकी सगळे आलेले दिसताय."

आधीवाला उशाशी बसला. पाणी मागितलं. ताईनं पोचा आलेल्या फुलपात्रातून आणून दिलं, न सांगता.

तिथून पुढं तो दीड तास बोलला. तो लबाड नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. जे बोलला ते सगळं त्याला स्वतःला पटत होतं. सरकारी दवाखान्यात कोण हात लावेल, शिकाऊ पोरं. इथं शहरातला सगळ्यात मोठा सर्जन, काचेचं हॉस्पिटल, स्वतंत्र खोली. शूटिंग शनिवारी, सोमवारी ऑपरेशन. गुरुवारच्या जागी सोमवार, एवढाच काय तो फरक.

"पण ती म्हणाली याच आठवड्यात," ताई म्हणाली.

"ताई, तारखा देणारी माणसं अशीच बोलतात गं. मी अकरा वर्षं तारखांत काढली. आज नाही झालं तर सेट पेटेल असं म्हणतात आणि पंधरा दिवसांनी होतं. काही पेटत नाही."

आयुष्यभर त्यानं एकाच जातीच्या तारखा पाहिल्या होत्या, ज्या पुढं ढकलल्या की फार तर कुणीतरी चिडतं. डॉक्टरणीची तारीखही त्याला त्यातलीच वाटली. चूक झाली ती इथं.

"तुम्हाला काय वाटतं?" ताईनं नवऱ्याला विचारलं.

"मला काय वाटायचंय," दाजी म्हणाले. "तू काजं-बटणं करून शिकवलेला माणूस आहे. तुझी शिलाई कच्ची निघायची नाही."

ताईनं ‘जैसे थे’च्या कागदावर सही केली आणि गुरुवारची चिठ्ठी कपाटात ठेवून दिली.

मंगळवारी एक कॅमेरावाला घेऊन आधीवाला परत आला. अंधुक नजरेचा कारागीर चाचपडत काम करतोय, असं थोडं ‘आधी’चं चित्रण हवं होतं. डॉक्टरणीनं हलू नका म्हणून बजावलं होतं, तर हा म्हणाला, पाचच मिनिटं. दाजींना उठवून खिडकीत बसवलं, हातात सुई दिली, मांडीवर एक कोट. दाजींची बोटं इतकी सरावलेली की न बघताही टाका बरोबर पडला.

"दाजी, चुकवा की थोडं."

"हाताला येत नाही चुकवता."

"टोचल्यासारखं तरी करा."

दाजींनी करून दाखवलं, पण ते नाटक वाटलं. चौथ्या वेळी सुई खरीच बोटात गेली आणि कॅमेरावाल्यानं अंगठा वर केला. पाच मिनिटांचे दोन तास झाले. सायंकाळी दाजी म्हणाले, काळं आता माणसांच्या कमरेपर्यंत आलंय.

शनिवारी हिरो आला नाही. त्यानं नवे दात बसवून घेतले होते आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजत होती. "सोसलंत, ताई, सोसलंत" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते म्हणून दाखवताना मेकअपवाली हसली, तेव्हा त्यानं दाताच्या डॉक्टरला बोलावून घेतलं आणि बुधवारपर्यंत तोंड उघडणार नाही असं लिहून कळवलं.

बुधवारी शिट्टी थांबली होती. पण सकाळीच एक जुना खलनायक वारला. हिरोचं आणि त्याचं वीस वर्षं बोलणं नव्हतं, तरी मयताला सगळी चॅनलं येणार म्हटल्यावर हिरो पांढरे कपडे घालून तिकडे गेला. तिथं तो इतका रडला की मॅडमनी ऑफिसातल्या टीव्हीसमोर कपाळावर हात मारून घेतला. "फुकट वाटतोय बघा," त्या म्हणाल्या. "आमच्यासाठी काही उरेल का?" डोळे सुजल्यामुळे हिरोला रविवारपर्यंत विश्रांती द्यावी लागली.

या दिवसांत ताई रोज फोन करायची. ओरडायची नाही. नुसतं सांगायची.

"आज छातीपर्यंत आलंय."

"आज हनुवटीपर्यंत. मला म्हणाले, तुझं तोंड गेलं, पण बोलणं काही थांबलं नाही."

गुरुवारी तिनं विचारलं, "मी यांना परत त्या सरकारीत नेऊ का? तिथं म्हणे तातडीचे रुग्ण दारात बसले तर घेतात. दोन दिवस बसून राहीन."

आधीवाला तेव्हा मॅडमच्या केबिनबाहेर होता. काचेच्या आत एक पोरगी बसली होती आणि मॅडम तिच्या बोलण्यावर हसत होत्या. त्यानं फोन तोंडाशी धरून दबक्या आवाजात सांगितलं, "ताई, आता तीन दिवसांसाठी ‘आधी’ मोडू नको. तू सही केलीयस. माझी नोकरी लटकलीय इथं."

ताई म्हणाली, "बरं. जेवलास का?"

रविवारी गाडी आली. अख्खी गल्ली लोटली. हिरो खाली वाकून त्या खोलीत शिरला, ताईला म्हणाला, सोसलंत, आणि दात चमकले, शिट्टी नाही. मग दाजींचे दोन्ही हात हातात घेऊन विचारलं, "बाबा, माझा चेहरा दिसतोय तुम्हाला?"

"नाही," दाजी म्हणाले.

"थोडासा? पुसट?"

"अहो, तुम्ही खिडकीकडून बोलताय एवढं कळतंय. सकाळी हिच्या केसांचा भांग दिसत होता. आता तोही नाही."

कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या ताईनं तोंडाला पदर लावला. आधीवाल्याच्या तक्त्यात तिला पैकीच्या पैकी गुण पडले असते. हिरोला काय वाटलं ठाऊक नाही, पण तो रडला आणि उत्तम रडला.

सोमवारी काचेच्या हॉस्पिटलात मोठ्या सर्जननं ऑपरेशन केलं. बाहेर आला, टोपी काढली, आणि कॅमेरा बंद करायला लावून विचारलं, "हे पंधरा दिवस कुणी धरून ठेवलं होतं?"

"तारीख मिळत नव्हती, डॉक्टर," आधीवाला म्हणाला.

सर्जननं त्याच्याकडे असं बघितलं, जसं आधीवाला लोकांच्या फ्रिजकडे बघे. "उजेड कुठून येतो तेवढं कळलं तर नशीब समजा. बाकी धरू नका."

हे मॅडमना कळलं तेव्हा त्या पट्टी सोडायच्या दिवसाचे पडदे निवडत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या, "मग दिसतंय असं म्हणायला काय हरकत आहे? एक शब्द आहे. डोळा नाही लागत त्याला." आणि पडद्याच्या कापडाचे तुकडे बाजूला सारून पुढं म्हणाल्या, "नाही म्हणाले तर हिरोचं तोंड पडेल, भाग पडेल, कार्यक्रम पडेल. पहिला तू."

तो दाजींकडे गेला नाही. ताईकडे गेला. हॉस्पिटलच्या मागच्या जिन्याखाली चहाची टपरी होती, तिथं दोघं बाकावर बसली. सर्जननं काय सांगितलं ते त्यानं सांगितलं, आणि त्याच दमात मॅडमनी काय सांगितलं तेही. ताईच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं तसाच बाकावर ठेवला, सांडू न देता.

"गेला म्हणजे पूर्ण गेला?"

"हो."

"आणि आता हे त्यांनी खोटं बोलायचं."

"मी बोलू शकत नाही त्यांच्याशी. तू बोललीस तर ऐकतील."

ताईनं त्याच्याकडे बघितलं. शर्टाचं वरचं बटण सुटायला आलं होतं, दोऱ्याला लोंबकळत होतं. ती ते बघत राहिली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर त्याच्या थोबाडीत मारली असती आणि कदाचित सगळंच बरं झालं असतं. पण नऊ वर्षांच्या पोराला मांडीवर निजवलेली ती बाई. ती वर गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "डोळा तर गेलाच. आता त्याची नोकरी तरी कशाला घालवायची."

पट्टीखालून दाजी म्हणाले, "एवढंच ना? म्हणतो. दोन भोकं पडलीत, त्यातलं एक तरी बुजू दे."

पट्टी सोडायला नवे पडदे, पांढरी फुलं, आणि हिरो पलंगाच्या उजव्या अंगाला. नर्सनं पट्टी काढली. दाजींनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ आवाजात, दिव्याच्या स्टँडकडे बघून म्हणाले, "दिसतंय."

"हा माझ्याकडे बघत नाहीये," हिरो म्हणाला.

परत पट्टी बांधली. दुसऱ्या वेळी हिरोनं खूण म्हणून खोकायचं ठरलं. तो खोकला आणि दाजींनी विचारपूस केली, "पाणी देता का कुणी त्यांना?" सगळे हसले, मॅडम सोडून. तेव्हा आधीवाल्याला तोडगा सुचला. तो हिरोच्या पाठीमागं, बरोबर त्याच्या डोक्याच्या रेषेत, गुडघ्यांवर बसला. पट्टी सुटली तसा हलकेच म्हणाला, "दाजी."

दाजींनी मान वळवली. ज्या पोराला लग्नात सोबत आंदण म्हणून घेतला होता, त्याच्या आवाजाकडे त्यांनी असं बघितलं की पडद्यावर ते हिरोकडे बघणं झालं. "दिसतंय," ते म्हणाले, "सगळं दिसतंय मला." नाकाला पाणी आलं नाही.

तो भाग देशभर गाजला. समोरच्या चॅनलवरच्या सासवा झोपी गेल्या. "सगळं दिसतंय मला" हे वाक्य पोरं परीक्षेला बसताना एकमेकांना पाठवू लागली, एका चष्मेवाल्यानं ते दुकानाच्या पाटीवर लावलं, आणि भाजीवाल्या काट्यावर बोट ठेवताना पकडल्या गेल्या की गिऱ्हाईक तेच म्हणायचं. मॅडमनी भांडणं आणणाऱ्या पोरीला घरी पाठवलं. आधीवाल्याला केबिन मिळाली.

दाजी बसत त्या शिंप्याच्या दुकानाच्या फळीवर कपड्यांचा ढीग लागला. टीव्हीवरच्या माणसाकडून रफू करून घ्यायला लोक लांबून येऊ लागले. करता येत नाही म्हटलं की रागवायचे. "आता नखरे आले बघा," असं म्हणत कोट उचलून न्यायचे. काही जण जाताना समोर हात हलवून बघायचे. कुणीतरी एकदा फळीवरची कात्री उचलून दुसरीकडे ठेवली, गंमत म्हणून, आणि दाजींचा तळवा फाटला.

मग ताईनं अंधांच्या भत्त्यासाठी अर्ज केला. सरकारी दवाखान्याचा दाखला जोडला, शंभर टक्के अंध असा. तीन महिन्यांनी उत्तर आलं: प्रत्यक्ष हजर राहावे, अर्जदाराबाबत तक्रार प्राप्त झाली आहे. तेव्हा तिनं पहिल्यांदा भावाला केबिनमध्ये फोन केला.

"तू नुसता ये," ती म्हणाली. "तुमच्या कार्यक्रमातल्या माणसानं सांगितलं की ते तसं नव्हतं, तर ते ऐकतील. एवढं एकच काम कर."

तो आला. हिरोची सही असलेला मोठा फोटो घेऊन आला. फोटोनं बरीच कामं होतात असा त्याचा अनुभव होता.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट बंद. कारकून चष्म्याआडून दाजींना बघून उभाच राहिला. "अरे वा. या या. आमच्या मंडळींनी चारदा बघितला तुमचा भाग. चारही वेळा रडली." त्यानं फोटो घेतला, ड्रॉवरमध्ये सरकवला, आणि मग कागद पुढं ओढून म्हणाला, "पण बाबा, हा अर्ज कसा काय?"

"मला दिसत नाही, साहेब."

"असं कसं? आम्ही बघितलं की दिसताना."

"दाखला आहे ना सोबत," ताई म्हणाली. "सरकारी डॉक्टरचा आहे."

"ताई, दाखले काय, माझ्याकडे रोज पोतंभर येतात. हा कागद खरा धरायचा, की सगळ्या देशानं बघितलं ते?" कारकुनानं दाजींच्या नाकासमोर बोटं धरली. "किती?"

दाजी दमले होते. तीन जिने चढून आले होते, तळव्याची जखम ठणकत होती. "दोन," ते म्हणाले.

दोनच होती.

"घ्या," कारकून म्हणाला.

"अहो, सगळे दोनच दाखवतात," दाजी म्हणाले. "दुकानात येतो तो प्रत्येक जण दोनच धरतो. एखाद्यानं तरी तीन धरावीत."

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. कारकुनाला ते आवडलं नाही. त्यानं पेन उचलला आणि आधीवाल्याकडे वळला. "तुम्ही तर त्याच कार्यक्रमातले. तुम्हीच सांगा, लिहून घेतो. त्या दिवशी यांना दिसलं की नाही दिसलं?"

ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती कारकुनाच्या पेनाकडे बघत होती.

एक शब्द होता. पण तो लिहून घेतला जाणार होता. तो शब्द वर जाणार, कुणीतरी तो वर्तमानपत्राला देणार, मॅडम, हिरो, चष्मेवाला, सगळे त्याच्यावर धावून येणार, केबिन जाणार, आणि सगळ्यात आधी लोक विचारणार की मग त्या आधीच्या पंधरा दिवसांत काय झालं होतं. हा सगळा हिशोब त्यानं कारकुनाच्या पेनाचं टोपण निघेपर्यंत केला.

"दिसलं होतं, साहेब," तो म्हणाला. "माझ्यासमोर दिसलं होतं. पुढचं मला काही माहीत नाही."

कारकुनानं ते शब्दाला शब्द लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली. अर्जावर शिक्का मारला. फसवणुकीबद्दल कारवाई करत नाही, असं वर उपकारानं सांगितलं, मंडळींना आवडले होते म्हणून.

ताईनं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. दाराबाहेर आल्यावर तिनं नवऱ्याचा हात सोडवून भावाच्या हातात दिला. "यांना खाली आण," एवढं म्हणाली आणि मागं न बघता जिना उतरून निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज एकेक मजला खाली जात बंद झाला.

जिन्यात भिंतीला लागून भत्तेवाल्यांची रांग होती, खालपर्यंत.

"पायरी," आधीवाला म्हणाला. दाजींनी पाय टाकला. "पायरी. अजून एक. आता पायरी."

"किती राहिल्या?" दाजींनी विचारलं.

"बऱ्याच आहेत. पायरी."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "अगं, हे बघ, ते ‘सगळं दिसतंय मला’वाले." रांगेतल्या माना वळल्या. दोघातिघांनी फोन वर धरले. कुणीतरी दाजींना हाक मारली. कुणीतरी विचारलं की मग हा माणूस त्यांना पायऱ्या का सांगतोय.

आधीवाल्यानं दाजींच्या कोपराखालचा हात काढून घेतला, खिशात घातला, आणि फोनांकडे बघून हसला.

दाजींनी एक पाय उचललेला होता. तो त्यांनी खाली टेकवला नाही. तोंड त्याच्या बाजूला वळवून ते तसेच उभे राहिले, पुढचा शब्द येईल म्हणून.